फॅट बॉईजचा पहिला अल्बम (१९८४), आठ महिने ऐकल्यानंतर

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. दिवाळीत मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा येताना हा एलपी (मोठी तबकडी) घेऊन आला, सेकंडहँड, सूट्रा रेकॉर्ड्स ह्या कंपनीचा. विकणाऱ्याने नव्यासारखा आहे असं सांगितलं होतं म्हणे पण कव्हरचे कोपरे दबलेले आणि एका बाजूला मोठा ओरखडा, एका ठिकाणी सुई अजूनही उडी मारते. मी धुतला, दोनदा धुतला, खरखर कमी झाली, उडी नाही गेली. म्हणून तेवढं एक गाणं मी फोनवर ऐकते, बाकी सगळं रेकॉर्डवर. सांगायचं एवढंच की मी हे वरवर ऐकून लिहीत नाहीये, आठवड्याला निदान दोनदा तरी लागलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फॅट बॉईज म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागातली रॅप करणारी तीन पोरं, प्रिन्स मार्की डी, कूल रॉक-स्की आणि डॅरेन रॉबिन्सन म्हणजे बफ, ज्याला ह्यूमन बीट बॉक्स म्हणायचे, कारण तो तोंडानेच ड्रमचे आवाज काढायचा. आधी नाव होतं डिस्को ३. १९८३ मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एक टॅलेंट स्पर्धा जिंकले, पहिलं बक्षीस रेकॉर्डिंगचा करार, आणि गोष्ट अशी सांगतात की पोरांना हवं होतं दुसरं बक्षीस कारण त्यात स्टिरिओ होता. मला हे ऐकून फार जवळचं वाटलं, त्या वयात घरात स्टिरिओ येणं म्हणजे काय ते आमच्या पिढीला सांगायला नको. मॅनेजर चार्ल्स स्टेटलर, मूळचा स्वित्झर्लंडचा, त्याला म्हणे युरोपच्या दौऱ्यात हॉटेलचं नाश्त्याचं बिल बघून फॅट बॉईज हे नाव सुचलं. अल्बम आला तेव्हा तिघंही विशीच्या आतले, मार्की तर सोळा वर्षांचा. प्रोड्यूसर कर्टिस ब्लो, ज्याचं द ब्रेक्स हे गाणं १९८० मध्ये आलं होतं आणि विक्रीच्या जोरावर रॅपमधलं पहिलं गोल्ड सिंगल (एकेकटं निघालेलं गाणं) ठरलं होतं, म्हणजे हातात धरून शिकवणारा माणूस त्या काळात मिळू शकेल तेवढा चांगला. हा अल्बमही पुढे गोल्ड झाला, म्हणजे पाच लाख प्रती.

पहिला महिना मी फक्त हसायला ऐकला. जेल हाऊस रॅप ऐकून कुणीही हसेल, पोरं तुरुंगात का गेली तर खाण्यापायी, बस. इंग्रजी स्लँग मला पहिल्या झटक्यात अर्धीच कळली, भाच्याने लिरिक्स काढून दिले आणि मग दोघं मिळून ओळ ओळ बघत बसलो, तेव्हा कळलं की विनोद शब्दात कमी आहे, सांगण्याच्या ढंगात जास्त आहे, एकजण ओळ सुरू करतो आणि शेवटचा शब्द तिघं मिळून मारतात, कीर्तनात बुवा ओळ सोडतात आणि मागचे टाळकरी उचलतात तसं. पण दुसऱ्या महिन्यात हसू ओसरलं. विनोदी गाण्यांचं हेच होतं, पाठ झालं की संपतं. मला वाटलं आता हा रॅकवर जाणार.

आणि तेव्हाच बफ ऐकू यायला लागला. म्हणजे तो आधीपासून होताच पण मी शब्दांच्या मागे धावत होते. मी लहानपणी सात वर्षं तबला शिकले, सर आधी पढंत करून घ्यायचे, हातावर ताल धरून बोल म्हणायचे आणि तोंडातून नीट निघालं नाही तर तबल्याला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणून तोंडाने ताल ही माझ्यासाठी काही परदेशी गोष्ट नाही. पण फरक काय आहे ते मला ह्या अल्बममुळे पहिल्यांदा कळलं. पढंतीत आपण धा म्हणतो ते त्या आवाजाचं नाव असतं, ऐकणाऱ्याला डग्गा आणि चाट (तबल्याच्या कडेचा बोल) आपोआप आठवतात. बफ नाव घेतच नाही. तो थेट वाजवतो. ओठ दाबून फुटलेला बास, दातांतून सुटलेली हाय-हॅट म्हणजे ड्रमच्या झांजेचा आवाज, आणि मधे तो श्वास. गाण्याच्या क्लासमध्ये आपल्याला श्वास लपवायला शिकवतात ना, कुठे घेतला ते कळता कामा नये, इथे हा माणूस श्वास उघड उघड मात्रेवर आणून ठेवतो, आत ओढलेला एक ठोका, बाहेर सोडलेला दुसरा, आणि त्या दोघांवर गाणं चालतं. ह्यूमन बीट बॉक्स आणि स्टिक एम ही दोन गाणी ह्यासाठी ऐका. ड्रम मशीन घ्यायला पैसे नव्हते म्हणून पोराने तोंडानेच मशीन केलं असं सांगतात, आणि स्टुडिओत खरं मशीन हाताशी आल्यावरही त्याला काढलं नाही, ह्याबद्दल कर्टिस ब्लोचे आभार मानावे तेवढे कमी. बीटबॉक्स करणारे तेव्हा आणखी होते, डग ई फ्रेश तर होताच, पण बफचा आवाज अंगाने मोठा आहे, छातीतून येतो.

एके दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "अगं ह्या मुलाला दम लागतोय का?" मी म्हटलं नाही गं आई, तो वाजवतोय. ती म्हणाली, "वाजवतोय खरा, पण दम लागतोय."

त्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचलं. डॅरेन रॉबिन्सन १९९५ च्या डिसेंबरमध्ये क्वीन्समध्ये गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता, वजन दोनशे किलोच्या आसपास. त्यानंतर मला हा अल्बम आधीसारखा ऐकताच आला नाही आणि मी ते इथे लिहिणार आहे कारण कुठल्याही रिव्ह्यूत मला ते नीट वाचायला मिळालं नाही. मला शाळेत जाडी म्हणायचे, पाचवीपासून दहावीपर्यंत, माझ्या नावाने हाक मारणारी एकच मैत्रीण होती. म्हणून स्वतःहून तेच नाव लावून स्टेजवर उभी राहणारी ही पोरं मला सुरुवातीला फार धीराची वाटली, अजूनही वाटतात. पण नाव लावलं की ते विकलंही जातं. मग तुम्ही जाडच राहायला पाहिजे, प्रत्येक गाण्यात, जाहिरातीत, सिनेमात खातानाच दिसायला पाहिजे. ह्या पहिल्या अल्बममध्ये मात्र ते अजून तसं झालेलं नाही. इथली भूक खरी वाटते, रात्री फ्रिज उघडून बघणाऱ्या पोराची भूक आहे, आणि विनोद त्यांचा त्यांनी केलेला आहे. पुढे त्यांचा १९८७ चा क्रशिन हा अल्बम प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रती, बीच बॉईजबरोबर वाइपआउट, १९८८ मध्ये चबी चेकरबरोबर ट्विस्ट, ही दोन्ही गाणी इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत दोन नंबरला गेली, मी तीही ऐकली. मजा येते पण त्यात ही पोरं पाहुण्यासारखी वाटतात, स्वतःच्याच रेकॉर्डवर.

आता तक्रारी, कारण आहेत. सातच गाणी आहेत आणि तरी काही लांबलीत. त्या काळात पार्टीत नाचायला बारा इंची सिंगल निघायचे, डीजेला लांब गाणं हवं असायचं, हे समजतं, पण घरी बसून ऐकताना कॅन यू फील इट मला अर्ध्यावर पुरे होतं. डोन्ट यू डॉग मी आठ महिन्यांत एकदाही मनात बसलं नाही. ड्रम मशीनचा आवाज सगळीकडे जवळपास तोच, लागोपाठ ऐकलं तर डोकं जड होतं. शब्दांची कारागिरी शोधत असाल तर इथे ती नाही, त्याच वर्षी रन-डीएमसी ह्या दुसऱ्या रॅप गटाचा पहिला अल्बम आला, त्यातली धार वेगळीच आहे. हे दोन्ही गट १९८४ च्या फ्रेश फेस्ट ह्या रॅपच्या टूरमध्ये एकत्र फिरले, हूडिनी हा गट आणि कर्टिस ब्लोसुद्धा होते, ते बघायला मिळालं असतं तर काय झालं असतं असा विचार मी बऱ्याचदा करते.

घ्यावा का? एलपी मिळाला तर घ्या पण ओरखडे स्वतः बघून, उजेडात तिरका धरून, कारण बफचे बारीक आवाज खरखरीत पहिले हरवतात. नाही मिळाला तर फोनवर चालेल, फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे त्याचा बास पोचतच नाही. हेडफोन लावा आणि पहिल्यांदा शब्द सोडून द्या. तबला, पखवाज, ढोलकी काहीही शिकणारं पोर घरात असेल तर त्याला नक्की ऐकवा. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, चार महिने ह्याच्यावर घासतोय, बास जमला, हाय-हॅट जमली, श्वास अजून जमत नाही, मधेच चक्कर आल्यासारखं होतं त्याला आणि खाली बसतो. मी त्याला सांगितलंय की लय निम्मी कर, आधी ठायीत म्हणजे संथ म्हण, मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात. आई शेजारी बसून मांडीवर ताल देते आणि दर दोन मिनिटांनी त्याला पाणी पाजते.