गिअरबॉक्स उघडलाच नव्हता, तरी ५४,२०० रुपये मोजले

३०,००० रोख दिले आणि २४,२०० यूपीआयने. एकूण ५४,२०० रुपये, तेही झालंच नाही अशा कामाचे. दोन महिने हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. पण परवा स्टँडवरच्या एका पोराची गाडी अगदी माझ्यासारखीच अडली आणि तो त्याच गॅरेजकडे निघाला होता. म्हणून लिहितोय.

माझी डिझेल पिकअप आहे, पाच गिअरची, हाताने टाकायच्या गिअरची. तिला दोन त्रास सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या गिअरला रेस दिली की गाडी क्षणभर अडखळायची, मग एकदम उचलायची. भरलेल्या गाडीने चढ चढताना ओढ कमी आणि मागे काळा धूर. दुसरा त्रास सकाळचा. गाडी चालू करून पहिला किंवा रिव्हर्स टाकायला गेलं की खर्र आवाज यायचा, कधीकधी गिअर पडायचाच नाही. दोन्ही तक्रारी मी गॅरेजवाल्याला एका दमात सांगितल्या आणि त्याने दोन्हींची एकच मोळी बांधली. "गिअरबॉक्स गेलाय. असाच चालवाल तर रस्त्यात जाम होईल."

त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं मशीन, लावला. टॅबवर दोषाचा कोड उमटला, पी०२९९. भावाला दाखवायला मी फोटो काढला. "हा बघा गिअरबॉक्सचा कोड," एवढं म्हणून त्याने लगेच तो खोडला आणि वायर काढून घेतली.

जे कळायला हवं होतं ते याच क्षणी कळायला हवं होतं. तो क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. माझ्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर नाहीत. गिअरबॉक्सवर आहे तो रिव्हर्सच्या दिव्याचा एक साधा स्विच. आतली सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असलेली कडी, झिजली हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळणार कुठून? आणि कोड तर चक्क सांगत होता. पी०च्या पुढे ७, ८ किंवा ९ असेल तर तो ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचा. २ असेल तर इंधन आणि हवेच्या बाजूचा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी पडतोय. फोटो माझ्या खिशात होता, तिथल्या तिथे मोबाईलवर शोधलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी शोधलं नाही.

मी अडाणी नाही. अकरा वर्षं गाडी चालवतोय, डिझेल फिल्टर आणि ऑइल स्वतः बदलतो. पण मालाचा हंगाम ऐन भरात होता, हप्ता आठ दिवसांवर आला होता आणि समोरचा माणूस मशीन लावून बोलत होता. मशीन खोटं बोलत नाही असं आपण धरून चालतो. मशीन खोटं बोललंही नव्हतं. ते वाचून दाखवणारा खोटं बोलला.

हिशोब असा सांगितला: गिअरबॉक्स खोलून रिंगा, बेअरिंग आणि मजुरी ३८,५००, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट ९,८००, गिअर ऑइल २,४००, स्कॅनिंग-प्रोग्रॅमिंग ३,५००. ऑइल पाच लिटरचं लावलं होतं, गाडीच्या पुस्तकात त्याच्या निम्मंही लिहिलेलं नाही. आणि हाताच्या गिअरबॉक्सला प्रोग्रॅमिंग कसलं? पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "१८ टक्के जीएसटी वाढेल, तुम्हालाच भुर्दंड." मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलं. पक्कं बिल घ्या. अठरा टक्के गेले तरी चालतील, पण घ्या.

गाडी १९ दिवस तिथे उभी. त्या काळात ठरलेली गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून दुसऱ्याची गाडी लावून ११ फेऱ्या केल्या, फेरीला २,२००, म्हणजे आणखी २४,२०० रुपये. परत घेताना गाडी लोण्यासारखी चालली. गिअर अलगद पडत होते, ओढही आली होती. जुने पार्ट म्हणून एक गोणी दिली, ती मी आनंदाने घेऊन आलो.

सहाव्या दिवशी दोन्ही त्रास परत.

या वेळी गावाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. इंजिन बंद करून म्हणाले, गिअर टाका. पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यात सुरी जावी तसे पडले. चालू केल्यावर खर्र. मग क्लच चार-पाच वेळा भराभर दाबायला लावला आणि गिअर पडला. "गिअरबॉक्स खराब असता तर क्लच भराभर दाबून सुधारला असता का? क्लच पूर्ण सुटत नाहीये." क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, गळत होता, त्याच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाइप खालून चाचपला. चीर पडलेली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून क्लिप आवळलेली. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच निसटत होती, म्हणून अडखळणं आणि काळा धूर.

म्हणजे त्या माणसाला खरा दोष पहिल्याच दिवशी कळला होता. त्याने क्लचची हवा काढली, ऑइल भरलं, पाइपला पट्टी मारली. आठवडाभर गाडी चालण्यापुरतं काम केलं आणि माझे ५४,२०० घेतले.

मिस्त्रींनी टॉर्च धरून गिअरबॉक्स दाखवला. इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांवरची कंपनीची पिवळी खूण जशीच्या तशी, कुठे पाना लागल्याचा ओरखडा नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच प्लेट बदलताच येत नाही, म्हणजे तीही जुनीच. गोणीतली रिंग आमच्या गाडीच्या मापाचीही नव्हती. गोणी घरी नेण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. आणि गाडी गॅरेजला देण्याआधी बोल्टांचे फोटो काढा, हे तर कराच.

खरी दुरुस्ती: पाइप १,८५०, स्लेव्ह सिलिंडर १,१५०, ऑइल १८०, मजुरी ९००. एकूण ४,०८०.

यानंतरच्या चकरांनी तर जास्त मनस्ताप दिला. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, "हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम कशासाठी आहे? तिसऱ्या चकरेत नुसत्या अर्जावर पोच मिळाली, तीही मी दारातून हललो नाही म्हणून. ठाण्याने नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे मला तिथल्या एकानेही सांगितलं नाही. आरटीओत गेलो तर म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला आणि काही दिवसांनी "समोरच्याकडून प्रतिसाद नाही, ग्राहक आयोगाकडे जा" असं सांगून बंद केली.

आयोगाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने कागद हातातही घेतला नाही. "पिवळी नंबरप्लेट ना? व्यावसायिक गाडी. तुम्ही ग्राहक नाही." मी मान खाली घालून परत आलो. तो एक महिना असाच गेला. नंतर एका वकील ओळखीच्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून दाखवला. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर तो व्यावसायिक हेतू धरत नाहीत. मी स्वतः चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही, हाच माझा मुद्दा. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर तो तिथे का बसलाय? आणि माहीत असेल तर मला परत का पाठवलं? पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कुणी खिडकीवरून हाकललं तर तक्रार ऑनलाइन भरा.

मी भरली. पुरावा म्हणून यूपीआयचे २४,२००, कोडचा फोटो, बोल्टांचे फोटो आणि मिस्त्रींचं सहीचं पत्र. रोख दिलेल्या ३०,००० चा कागद नाही. ते सगळे यूपीआयनेच द्यायला हवे होते.

गॅरेजवाल्याला काढलेली पहिली नोटीस गेल्या आठवड्यात परत आली. पाकिटावर शेरा, "या पत्त्यावर राहत नाही." त्याच दुपारी मी तिथे जाऊन आलो. गॅरेज त्याच जागी आहे, माणूस तोच आहे, वरचा फलक तेवढा नवीन लावलाय. मी त्या फलकाचा फोटो काढला आणि नव्या नावासह नोटीस पुन्हा काढायला अर्ज दिला. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली आहे.