अडीच महिने, 6,500 किलोमीटर आणि एक अरुंद सीट : थायलंडमधील भाड्याच्या मोटारसायकलचा अनुभव

चियांग मायमधील ज्या दुकानातून मी अडीच महिन्यांसाठी होंडा सीआरएफ 300 एल भाड्याने घेतली होती, त्या दुकानाने गाडी परत घेताना माझ्या 10,000 बाथ अनामत रकमेतून 2,500 बाथ कापून घेतले. कारण सांगितले ते सीटच्या उजव्या कडेची उसवलेली शिवण. टाकीवर ओरखडा नव्हता, लिव्हर वाकलेले नव्हते, आरसे शाबूत होते. 6,500 किलोमीटरनंतर वाद झाला तो केवळ सीटवरून, आणि त्या सीटने पहिले तीन आठवडे मला इतका त्रास दिला होता की तिच्यासाठी वर पैसे मोजताना मला मनस्वी संताप आला. पुण्यात परत येऊन आता चार महिने झाले आहेत, वादाचाही निकाल लागला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे सात वर्षांपासून रॉयल एनफील्डची हिमालयन 411 ही मोटारसायकल आहे. ताम्हिणी आणि वरंधा हे माझे नेहमीचे घाट, त्यामुळे कोणतीही गाडी मी त्याच मापाने तोलतो. घरून काम करण्याची मुभा मिळाल्यावर उत्तर थायलंडमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत राहायचे ठरवले. हा काळ मुद्दाम निवडला, कारण पाऊस तोवर संपलेला असतो आणि फेब्रुवारीपासून शेते व जंगले जाळल्याने त्या भागात जो दाट धूर साचतो, तो अजून सुरू झालेला नसतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, ही आणखी एक सोय.

गाडीच्या निवडीत अखेरपर्यंत दोनच नावे उरली होती, 300 एल आणि होंडाचीच मोठी, जड सीबी 500 एक्स. मला सांगितलेले महिन्याचे भाडे पहिलीचे 15,000 बाथ आणि दुसरीचे 27,000 बाथ होते. त्या वेळी एका बाथला साधारण अडीच रुपये पडत होते, म्हणजे अडीच महिन्यांत 75,000 रुपयांचा फरक. एवढ्या पैशांत माझा विमानप्रवास आणि राहण्याचा बराचसा खर्च निघत होता. 300 एलची टाकी अवघी 7.8 लिटरची आहे आणि सीटची उंची 880 मिलिमीटर आहे, हे मला माहीत होते. दुकानात गाडीवर दोन मिनिटे बसून पाहिले, दोन्ही पायांचे चवडे टेकले आणि मी होकार दिला. चूक झाली ती इथेच.

सीटची उंची मी तपासली, रुंदी तपासली नाही. ही गाडी मुळात कच्च्या रस्त्यावर उभे राहून चालवण्यासाठी घडवलेली आहे. उभ्याने चालवताना गुडघ्यांनी टाकी धरता यावी आणि शरीर पुढेमागे सरकवता यावे, म्हणून सीट मुद्दाम चिंचोळी ठेवलेली असते. त्यामुळे बसल्यावर सगळा भार मांड्यांवर न पसरता बैठकीच्या दोन हाडांवर येतो, आणि भाड्याच्या गाडीचा फोम आधीच अनेकांनी दाबून चपटा केलेला असल्याने तासाभरात खालची कडक बैठक जाणवू लागते.

गंमत अशी की पहिल्या प्रवासात हे माझ्या ध्यानातच आले नाही. चियांग माय ते पाय नावाचे गाव हे अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे, आणि त्यातली 762 वळणे तिथे टीशर्टांवर छापून विकतात. दर काही सेकंदांनी शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जात असल्यामुळे भार एका जागी राहत नाही. पायहून माए होंग सोन आणि पुढे माए सारियांगमार्गे परत, असा सुमारे 600 किलोमीटरचा पूर्ण वळसा मी पाच दिवसांत केला आणि दुकानदाराला गाडी उत्तम असल्याचे कळवूनही टाकले. आठवड्याभराने नान या शहराकडे निघालो. लाम्पांगहून प्राएकडे जाणारा रुंद, सरळ महामार्ग लागला आणि 90 किलोमीटरनंतर मला गाडी बाजूला घेऊन उतरावे लागले. त्या दिवशी सुमारे 320 किलोमीटर अंतरात मी अकरा वेळा थांबलो. रात्री नानच्या खोलीत खुर्चीवर बसवेना, म्हणून जेवण उभ्यानेच केले. सीट घाटात दुखत नाही, सपाटीवर दुखते, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते.

परत आल्यावर मी दुकानदाराला आठ दिवसांसाठी 500 एक्स मागितली. त्याने दिवसाला 500 बाथ फरक घेऊन ती आनंदाने दिली. पहिल्या दिवशी चियांग रायच्या वाटेवर मी सलग दोन तास न थांबता बसलो आणि पैसे वाचवण्याच्या नादात आपण चुकलो, असे मला अगदी मनापासून वाटले. हे मत तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी माए सालोंगला, चिनी सैनिकांनी वसवलेल्या त्या डोंगरावरच्या चहाच्या गावात, एका दुकानासमोरच्या तीव्र उतारावर गाडी वळवताना माझा उजवा पाय बारीक खडीवर घसरला आणि साधारण 200 किलोची ती गाडी जागच्या जागी आडवी झाली. मला ती एकट्याने उचलता आली नाही. दुकानातले दोघे धावत आले तेव्हा ती उभी राहिली. क्रॅश गार्डवर आलेल्या ओरखड्याचे दुकानदाराने नंतर 500 बाथ घेतले, आणि ते योग्यच होते. 300 एलचे वजन 142 किलो आहे. आधीच्या आठवड्यात तीच गाडी लाल मातीच्या चिखलात पडली होती आणि मी एकट्याने, सामानासकट, उभी केली होती. परदेशात एकट्याने फिरणाऱ्या माझ्यासारख्या पन्नाशीपुढच्या माणसासाठी हा फरक सीटच्या सुखापेक्षा मोठा आहे, या मतावर मी आजही ठाम आहे.

म्हणून आठ दिवसांनी पुन्हा 300 एल घेतली, मात्र या वेळी तयारीने. डिसेंबरअखेर आमचे एक स्नेही पुण्याहून येणार होते, त्यांना नाना पेठेतून सीटवर बांधायचे जाळीचे कव्हर आणायला सांगितले. बोटभर जाडीची ही जाळी दाबली तरी पूर्ण चपटी होत नाही, खालून हवा खेळती राहते आणि भार थोडा पसरतो. हाडांची ठणक निम्म्याने कमी झाली, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. ती पूर्ण गेली नाही. शिवाय दर 40 मिनिटांनी मिनिटभर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहण्याची सवय लावून घेतली. जानेवारीत पुआहून डोई फू खाच्या जंगलातून बो क्लुआला, म्हणजे डोंगरातल्या मिठाच्या विहिरींच्या गावाला गेलो, तेव्हा तीच गाडी इतकी सहज वळत होती की उतरल्यावर सीटची आठवणही झाली नाही. पेट्रोलची धास्तीही फुकट ठरली. लिटरला 31 किलोमीटरच्या आसपास सरासरी मिळाली आणि पंप सापडला नाही असे एकदाही झाले नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओकडून काढला. त्याचे शुल्क 1,000 रुपये आणि मुदत एक वर्षाची असते. आपल्या मूळ परवान्यावर गिअरच्या दुचाकीचा वर्ग असल्याची खात्री करावी, कारण तपासणी नाक्यावर तेच पाहतात आणि अपघात झाल्यास प्रवास विम्याची कंपनीही पहिला प्रश्न तोच विचारते. भाड्याच्या गाडीवर तिथला जो सक्तीचा विमा असतो, तो माणसांच्या इजेपुरता असतो, गाडीच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळत नाही. अनामत म्हणून पासपोर्ट मागणारे दुकान मी सोडून दिले आणि रोख अनामत घेणारे निवडले, आणि एवढा वाद होऊनही तो निर्णय बरोबर होता असेच मला वाटते. पासपोर्ट त्यांच्या गल्ल्यात असता, तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी मी निमूटपणे 2,500 काय, 5,000 बाथही दिले असते.

आता त्या शिवणीविषयी. गाडी ताब्यात घेताना मी चित्रफीत काढली होती, पण त्यात दिवे, टाकी, सायलेन्सर, टायर सगळे होते आणि सीट फक्त वरून दिसत होती. कडेची शिवण त्यात नव्हती. पहिल्या दिवशी पंपावर एका मुलाने काढलेल्या माझ्या फोटोत मात्र, मोठा करून पाहिल्यावर, शिवण दोन बोटे उसवलेली स्पष्ट दिसत होती. तो फोटो मी पुण्यात आल्यावर दुकानदाराला पाठवला. त्याने उलट गाडी परत घेतानाचा फोटो पाठवला. त्यात शिवण चार बोटे उसवलेली होती, आणि अगदी त्याच जागी माझ्या कव्हरच्या प्लास्टिकच्या बकलाचा घासल्याचा पांढुरका पट्टा उमटलेला होता. मी बराच वेळ तो फोटो पाहत होतो. बकल तिथे घासत असेल, हे महिनाभर रोज कव्हर आवळून बांधताना माझ्या लक्षात आले नव्हते. मी त्याला तसे लिहून कळवले आणि निम्मी रक्कम मागितली. दोन दिवसांनी त्याने 1,250 बाथ परत करण्याचे मान्य केले आणि फेब्रुवारीअखेर तिकडून परतलेल्या स्नेह्यांच्या हाती ते पाठवलेही.

कोणी विचारलेच, तर गाडी निवडताना पुढील गोष्ट अवश्य करावी असे मी सांगेन. महिन्याचे भाडे ठरवण्यापूर्वी तीच गाडी एका दिवसासाठी घ्यावी. मला दिवसाचे 800 बाथ सांगितले होते, म्हणजे 2,000 रुपये. चियांग मायहून माए रिम आणि सामोएंग असा सुमारे 100 किलोमीटरचा वळसा मारून यावे. त्यात घाट आहे, मात्र परतल्यावर शहराबाहेरच्या सरळ महामार्गावर आणखी तासभर न थांबता चालवावी, कारण खरी परीक्षा तिथेच होते. शिवाय तीच गाडी उताराच्या कडेला दोनदा वळवून पाहावी. हे 2,000 रुपये मी वाचवले, आणि नंतर 500 एक्सच्या आठ दिवसांसाठी 10,000 रुपये जादा मोजले.

येत्या नोव्हेंबरसाठी मी त्याच दुकानात 300 एलच सांगून ठेवली आहे. सीटच्या दोन्ही कडांचे फोटो आधी मागवून घेतले आहेत; शिवण नवी घातलेली दिसते. जाळीच्या कव्हराची बकले मी काढून टाकली आहेत आणि त्यांच्या जागी शिंप्याकडून दोन इंची सुती नाड्या शिवून घेतल्या आहेत. गेल्या रविवारी ते कव्हर हिमालयनवर बांधून वरंध्यापर्यंत जाऊन आलो. नाड्यांची गाठ सीटच्या खाली बसते, कडेला कुठेही घासत नाही.