सगळ्यात आवडती अॅनिमे कुठली? माझं उत्तर: ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’

मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाळेच्या बुद्धिबळ संघाचंही बघते. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणाऱ्या मुलाची गोष्ट आहे म्हणून एका विद्यार्थिनीने ही मालिका सुचवली. सुरुवात केली ती खेळासाठी, पण आज सगळ्यात आवडती अॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) कुठली असं विचारलं तर मी हिचंच नाव घेते, आणि त्याचं कारण खेळ नाही.

चिका उमिनो यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2007 पासून प्रसिद्ध होऊ लागली. शाफ्ट स्टुडिओने तिची मालिका केली, ऑक्टोबर 2016 ते मार्च 2018 या काळात, दोन पर्वांत. एकूण 44 भाग. नायक रेइ किरियामा सतरा वर्षांचा. आईवडील आणि धाकटी बहीण अपघातात गेली, वडिलांच्या मित्राने सांभाळलं. हा मित्र शोगीचा व्यावसायिक खेळाडू. रेइ त्याच्या स्वतःच्या मुलांपेक्षा चांगला खेळू लागला आणि त्या घरात त्याला जागाच उरली नाही. आता तो टोकियोत नदीकाठच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. पहिल्या भागात तो उठतो, पूल ओलांडतो, सामना खेळायला जातो. कितीतरी वेळ कोणी फारसं बोलतच नाही. समोर बसलेला असतो तोच सांभाळ करणारा बाप. रेइ जिंकतो आणि त्याचा चेहरा हरल्यासारखा होतो.

शोगी येत नसली तरी अडत नाही. पट 81 घरांचा, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या, आणि मारलेली सोंगटी आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते. एवढं पुरतं. गंमत बघा, कथेतला रेइ जपानी मिडल स्कूलमध्ये (सातवी ते नववी) असतानाच व्यावसायिक झालेला इतिहासातला पाचवा खेळाडू आहे, आणि मालिका सुरू झाली त्याच महिन्यात चौदा वर्षांचा सोता फुजिई प्रत्यक्षात तसा पाचवा ठरला!

पण मला सांगायचंय ते हिनाविषयी. नदीपलीकडे कावामोतो बहिणींचं घर आहे: थोरली अकारी, मधली हिना, चिमुकली मोमो आणि मिठाईचं दुकान चालवणारे आजोबा. आई वारलेली, वडील घर सोडून गेलेले. त्या घरात रेइला जेवायला बोलावतात, बळेच वाढतात. दुसऱ्या पर्वात हिनाच्या वर्गात तिच्या मैत्रिणीचा छळ सुरू होतो. हिना मध्ये पडते. मैत्रीण गाव सोडून जाते आणि मग पाळी हिनाची येते.

शाळेतल्या छळाच्या गोष्टी पडद्यावर खूप येतात. बहुतेकांत कोणीतरी येऊन सगळं सोडवतो. इथे वर्गशिक्षिका काणाडोळा करते, उलट हिनालाच दटावते. मी वर्गशिक्षिका आहे. ते प्रसंग बघताना माझा घसा कोरडा पडला, इतके ते खरे आहेत. घरी आजोबा हिनाची पाठ थोपटतात, तू काही चुकीचं केलं नाहीस म्हणतात. अकारीला मात्र ते जमत नाही, कारण तिच्या मनात आलेलं असतं की ही या भानगडीत पडली नसती तर बरं झालं असतं. आईच्या जागी उभ्या असलेल्या मुलीची ही भीती कोणी इतकी स्वच्छ दाखवलेली मी पाहिली नव्हती. आणि हिना रडत रडत म्हणते की उद्या शाळेत जायची भीती वाटते, पण मी केलं ते चूक नव्हतंच. स्वतः लहानपणी हेच सोसलेला रेइ ते ऐकतो. तिच्यासाठी काय करू हे त्याला कळत नाही. आधी तर तो पैशांचे हिशेब मांडतो. शेवटी सामना संपवून तो क्योतोला जातो, शाळेच्या सहलीत एकट्या पडलेल्या हिनाला नदीकाठी शोधून काढतो आणि तिच्या शेजारी बसतो. त्याच्या हातून होतं ते एवढंच, आणि ते पुरेसं ठरतं.

पुढे नवे शिक्षक येतात, हळूहळू वर्ग सावरतो. माफी मागून झाली म्हणजे सगळं मिटलं, असं मात्र मालिका म्हणत नाही. छळ करणाऱ्या मुलीशी ते शिक्षक बोलतच राहतात, आणि ती एका रात्रीत बदलत नाही.

आणखी एक सामना चुकवू नका: 66 वर्षांचे यानागिहारा किताब राखायला बसतात, समोर पोटदुखीने बेजार शिमादा, ज्याच्या नावावर एकही किताब नाही. कोण जिंकावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

उणिवा आहेत. गंभीर प्रसंगांच्या मध्येच पात्रं बाहुल्यांसारखी होऊन आरडाओरडा करतात, त्याने कधी कधी रसभंग होतो. रेइची मानलेली बहीण क्योको हिची गोष्ट अर्धवट राहते. मालिका थांबली तेव्हा मूळ मांगा पुढे चालूच होती.

पाचवी-सहावीच्या मुलांना पहिलं पर्व संथ वाटेल. आठवीच्या पुढच्यांना जरूर दाखवा, आणि हिनाचे भाग त्यांच्या शेजारी बसून बघा.