तालुक्याचं हाडांचं हॉस्पिटल: पायाचं निखळलेलं बोट इथे दाखवावं का?

यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं खाजगी हॉस्पिटल. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही. पावसाळ्यात इथे बोटं निखळलेले पेशंट बरेच येतात: बांधावरून घसरलेले, पायावर गाडी पडलेले, बैलाचा खूर पडलेले.

छोट्या बोटांचं काम चोख. एक्स-रे, बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेन (बधिर करायचं इंजेक्शन), थोडं थांबून बोट ओढून जागेवर, मग शेजारच्या बोटाशी चिकटपट्टी. मध्ये कापूस घालतात, नाहीतर घामाने कातडी सडते. बसवल्यानंतरचा दुसरा एक्स-रेही न मागता काढतात. हाडवैद्याकडे नेमकं हेच होत नाही.

खरा कस अंगठ्यावर लागतो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा वर निखळला की तळव्याकडची जाड पट्टी, प्लांटर प्लेट, फाटते आणि मेटाटार्सलचं, म्हणजे अंगठ्यामागच्या पंजातल्या लांब हाडाचं, डोकं काजातून बटण जावं तसं तिच्यातून खाली निघतं. ओढाल तितकं ते काज आवळतं. हाडांचे सर्जन जास यांच्या 1980च्या वर्गीकरणात हा पहिला प्रकार, आणि तो बहुधा उघडूनच बसवावा लागतो. एक्स-रेत दोन सेसमॉइड हाडं (याच सांध्याखालची वाटाण्याएवढी हाडं) एकमेकांपासून लांब गेलेली किंवा त्यातलं एक मोडलेलं दिसलं तर तो दुसरा प्रकार. तो सहसा ओढून बसतो.

इथले सर्जन एक-दोनदा ओढून बघतात, नाही बसलं तर सरळ ऑपरेशन. हे योग्यच, कारण पुन्हा पुन्हा हिसडे दिले की कूर्चा खरवडते. चीर वरून घेतात. तळव्याकडून गेलं तर ताणून कातडीलगत आलेली संवेदनेची नस कापली जायची भीती. अडकलेली पट्टी उभी चिरून सैल केली की सांधा खट्कन बसतो. मग सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, हलवून बघतात आणि सांधा पुन्हा सुटत असेल तरच साधारण दीड मिलिमीटरची के-वायर, म्हणजे हाड धरून ठेवणारी स्टीलची तार, घालतात, तीन-चार आठवड्यांसाठी.

घोडं अडतं ते सुट्टी झाल्यावर. वायरचं टोक बाहेर असतं, पण काळजी कशी घ्यायची याचा कागद कोणी देत नाही. सोयाबीनच्या दिवसांत माणूस वावरात जातोच. चिखल लागला की टोकाशी पू होतो, आणि पंजावर भार टाकून चाललं तर वायर सांध्यातच वाकते, कधी तुटते. कडक तळाचा बूट इथे मिळत नाही, यवतमाळहून आणावा लागतो. तोवर फक्त टाचेवर चाला. वायर निघाल्यावर अंगठा वर-खाली करायचा व्यायामही मागून शिकून घ्या, नाहीतर सांधा आखडतो आणि उकिडवं बसणं जड जातं.

जखम उघडी असेल तर वाट बघू नका: त्याच दिवशी सलाईनने धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. शुगर असून बोट थंड, निळसर पडलं असेल तर इथे वेळ न घालवता सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकल गाठा.

भरती होण्याआधी महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनीसाला) विचारा. रोखीने करणार असाल तर वायर काढायची फी सांगितलेल्या रकमेत धरलीय का, तेही.