घोड्याची हिवाळी झूल: 0, 100, 200 की 300 ग्रॅम?

झुलेच्या लेबलवर छापलेले ग्रॅम म्हणजे झुलेचे वजन नव्हे. आतल्या पॉलिएस्टरच्या कापसाचे दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरण आहे, तो आकडा. 0 म्हणजे भरणच नाही, फक्त बाहेरचे कापड आणि अस्तर. 100 हलकी, 200 मध्यम, 300 आणि त्यापुढची जड. फ्लीसच्या, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाच्या झुलेवर ‘300 जीएसएम’ (दर चौरस मीटरला ग्रॅम) लिहिलेले दिसले तर तो खुद्द कापडाच्या वजनाचा आकडा असतो, भरणाचा नाही. तिला 300 ग्रॅम भरणाची समजून घेतले तर फसगत होते. तिची ऊब फार तर 100 ग्रॅमच्या झुलेइतकी धरावी.

दुकानातले किंवा इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते इंग्लंड-युरोपच्या हिवाळ्यावर बेतलेले असतात. तिथे दिवस आणि रात्र यांत चार-सहा अंशांचाच फरक, वर पावसाची रिपरिप. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे 8-10 अंश आणि दुपारी 28-30. निफाडच्या बाजूला पारा 5-6 वर येतो आणि अकरा वाजता अंगात स्वेटर नकोसा होतो. त्यामुळे आपल्याकडे ‘किती उबदार’ याच्याइतकाच ‘किती वाजता काढणार’ हा प्रश्न महत्त्वाचा. सकाळी वेळेवर झूल काढणारा माणूस तबेल्यात नसेल तर जाड झूल घेऊच नये.

मोठ्या, निरोगी घोड्याला साधारण 5 ते 25 अंशांच्या दरम्यान अंगातली उष्णता टिकवायला वेगळी मेहनत पडत नाही. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी केस आपोआप येतात. थंडीत ते उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तीच ऊब धरते. अंगावर काही टाकले की हे केस दबतात. म्हणून कोरड्या, वारा नसलेल्या थंडीत भरण नसलेली पातळ झूल घातलेल्या घोड्याला उघड्या घोड्यापेक्षा जास्त गारठा लागू शकतो. वारा आणि पाऊस हे मात्र केसांचे वैरी. ते असतील तर हीच 0 ग्रॅमची झूल मोलाची ठरते.

सुती, तागाची, फ्लीसची की भरणाची

सुती झूल ऊब फारशी देत नाही. धूळ-माशांपासून बचाव, जाड झुलेखालचे अस्तर, प्रवासात अंग झाकणे, ही तिची कामे. धुवायला सोपी, म्हणून प्रत्येक घोड्यामागे दोन असाव्यात.

तागाची, आतून घोंगडीचे अस्तर लावलेली झूल ही आपल्याकडची जुनी रात्रीची झूल. हवा खेळती राहते, घाम साचत नाही, फाटली तर सुतळीने शिवता येते. जड असते, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि पातळ कातडीच्या घोड्याच्या खांद्याला घासते. बंद तबेल्यात ती आजही चांगली. उघड्यावर बांधलेल्या घोड्याला नको.

फ्लीस ओल वर खेचते, म्हणून फेरीनंतर घामेजलेल्या घोड्याला ती उत्तम. पण गवताच्या काड्या, कुसळे आणि भुसा तिला चिकटतात, आणि ती कुसळे कातडीला टोचत राहतात. बाहेरून ती वारा अडवत नाही आणि पाण्यात लगेच भिजते.

भरणाच्या झुलेत बाहेरचे कापड बघावे. त्याची धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात; आकडा मोठा तितके कापड दणकट. एकट्याने ठाणावर राहणाऱ्या घोड्याला 600 डेनियर पुरते. दोन-चार घोडे एकत्र सोडले जात असतील, एकमेकांचे कपडे दाताने ओढत असतील, तर 1200 घ्यावे. बाहेरचे कापड वॉटरप्रूफ असून घामाची वाफ बाहेर सोडणारे हवे. नुसत्या प्लॅस्टिकच्या थराची ताडपत्रीसारखी झूल आत घाम धरते. रात्रभर ओलसर राहिलेल्या पाठीवर खपल्या येतात, केस पुंजक्यांनी गळतात.

खालचे आकडे छप्पर असलेल्या, कोरड्या तबेल्यासाठी आहेत. तापमान हवामानाच्या बातमीतले नको, तबेल्यात घोड्याच्या पाठीच्या उंचीवर लावलेल्या थर्मामीटरवरचे, सूर्योदयाच्या आधीचे घ्यावे.

| पहाटेचे तापमान | धडधाकट, पूर्ण केसांचा | बारीक केसांचा किंवा भादरलेला | म्हातारा, हडकलेला |
|---|---|---|---|
| 12 च्या वर | काही नको | काही नको | सुती |
| 8 ते 12 | काही नको | तागाची किंवा फ्लीस | 100 ग्रॅम |
| 4 ते 8 | काही नको | 100 ग्रॅम | 100 ते 200 |
| 0 ते 4 | फ्लीस किंवा 100 | 200 ग्रॅम | 200 ते 300 |

घोडा उघड्यावर आणि वाऱ्यात असेल तर एक पायरी जास्त उबदार झूल घ्यावी. भीमथडी तट्टू आणि डोंगरातले काटक घोडे ‘धडधाकट’ रकान्यात बसतात. मारवाडी, काठियावाडी आणि रेसचे थरोब्रेड यांची कातडी पातळ, केस आखूड; ते ‘बारीक केसांचा’ रकान्यात. पण जात बघून थांबू नये, केसांत बोटे घालून बघावीत. सप्टेंबरपासून रोज झूल घातलेल्या मारवाडीला पुरेसे हिवाळी केस आलेले नसतात, आणि त्याच जातीचा उघड्यावर राहिलेला घोडा चांगला केसाळ असतो. लडाखचे झांस्करी घोडे शून्याच्या बऱ्याच खाली झुलेशिवाय उभे राहतात, ते याच केसांच्या आणि चाऱ्याच्या जोरावर.

महाराष्ट्रातल्या मैदानी भागात धडधाकट घोड्याला 300 ग्रॅमची गरज पडत नाही. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात तापीकाठी घोडे उघड्यावर राहतात, तिथेही वाऱ्याला आडोसा आणि 100 ग्रॅमची वॉटरप्रूफ झूल बहुतेकांना पुरते. दिल्लीकडे धुक्यात दिवसही गार जातो, तिथे भादरलेल्या घोड्याला 200 लागते.

एक 200 घ्यावी की दोन 100? आपल्या हवामानात दोन 100. रात्री नऊला एक, गारठा वाढला तर दुसरी, सकाळी सातला वरची काढायची, ऊन आले की खालची. तोटा एवढाच की दोन थर सरकतात आणि मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर ओझे येते. दोन्ही झुलींचा आकार एकच हवा.

माप आणि बांधणी

छातीच्या मध्यापासून खांद्यावरून, अंगाच्या कडेने, पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत टेप सरळ धरून इंच मोजावेत. 72 इंच आले तर 6 फुटांची झूल. उंचीवरून अंदाज करू नये. लांब पाठीच्या घोड्याला आखूड झूल खांद्यावर ओढली जाते आणि तिथले केस उडून तुळतुळीत चट्टा पडतो.

झूल थोडी पुढे टाकून मग मागे ओढावी, म्हणजे केस आपल्या दिशेने बसतात. आधी छातीचे बकल, मग पोटपट्टे, शेवटी मागच्या पायांचे पट्टे. काढताना बरोबर उलटे. छातीचे बकल आधी सोडले आणि घोडा बिचकला तर झूल मागे घसरून पायांत अडकते. पोट आणि पट्टा यांत आडवा तळहात मावला पाहिजे. मागचे पट्टे एकमेकांत ओवावेत, म्हणजे मांड्यांना घासत नाहीत.

बरोबर बसली का ते कसे कळते

कान गार लागले म्हणून झूल वाढवू नये. हात झुलेखाली घालून मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे आणि खांद्यापाशी ठेवावा. कोमट आणि कोरडे असेल तर ठीक. दमट लागले तर झूल जास्त आहे, लगेच एक थर कमी करावा. कातडी गार लागली, घोडा कुडकुडतोय, शेपूट आत दाबून उभा आहे, तर आधी वैरण टाकावी आणि मग झूल वाढवावी.

हा क्रम मुद्दाम दिला आहे. तंतुमय चारा आतड्यात आंबताना जी उष्णता होते ती चंदीने, म्हणजे दाण्याच्या खुराकाने, तेवढी होत नाही. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो. थंडीच्या लाटेत रात्रीच्या वाट्यात किलो-दीड किलो वाढवावा. चंदी एकदम वाढवली तर पोटदुखीची भीती. पाणी कोमट द्यावे, फार गार पाणी घोडा कमी पितो आणि कोरड्या चाऱ्याबरोबर ते धोक्याचे.

सकाळी खरारा करताना झूल पूर्ण काढून बरगड्यांवर हात फिरवावा. झुलेखाली घोडा महिनाभर हडकत गेला तरी वरून कळत नाही. दुपारी बारापर्यंत राहिलेली झूल हा आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा: घाम येतो, तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि रात्री तोच ओला घोडा गारठतो. ओल्या अंगावर झूल घालायचीच वेळ आली तर पाठीवर कोरड्या गवताचा थर पसरून वरून तागाची टाकावी, हवा फिरते आणि तासाभरात अंग सुकते. मग गवत काढून कोरडी झूल घालावी.

एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालू नये, गजकर्ण पसरते. वॉटरप्रूफ झुलेला कपड्यांची पावडर लावली तर पाणी आत झिरपू लागते. गार पाणी, मऊ ब्रश आणि झुलींसाठीचा खास धुण्याचा द्राव वापरावा. फेब्रुवारीअखेर पूर्ण वाळवून, बकलांना थोडे तेल लावून, उंदरांपासून लांब पेटीत ठेवावी. भरणाच्या झुलेत उंदरांना आयते घरटे मिळते.