आयपी पत्त्यांची नोंद: मजकूर फाइल की डेटाबेसचे टेबल?

छोट्या संकेतस्थळाची देखभाल करणाऱ्याला सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक विनंतीची सर्व्हरने आपोआप ठेवलेली नोंद) एरवी पुरतो. पण संपर्क-अर्ज कोठून भरला गेला, सभासदांच्या पानावर चुकीचा पासवर्ड वारंवार कोण टाकत आहे, अशी आयपी पत्त्यांची (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांची) निवडक नोंद हवी असली की पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतली छोटी स्क्रिप्ट लिहिणे आलेच. मग ही नोंद ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतो. एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी, साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांच्या सामाईक सर्व्हरवर), मी दोन्ही प्रकार चालवले आहेत, आणि पुढील मत तेवढ्याच अनुभवावर बेतलेले आहे.

मजकूर फाइलची बाजू मुळीच लंगडी नाही. वेळ, पत्ता, पान आणि ब्राउझरची ओळख अशी ओळ तयार करून ती फाइलच्या शेवटी कुलूप लावून (एका वेळी एकच लेखन होईल अशा बेताने) जोडणे हे एका फंक्शनचे काम आहे, आणि डेटाबेस बंद पडला तरी नोंद होतच राहते. नेमकी त्याच वेळी नोंदीची खरी गरज असते, हेही मान्य करावे लागेल. फाइल पब्लिक_एचटीएमएल या सर्वांना खुल्या फोल्डरच्या बाहेर ठेवावी, नाहीतर नाव ओळखणारा कोणीही ती ब्राउझरमध्ये उघडून वाचेल. स्तंभ स्वल्पविरामाने तोडू नयेत, कारण क्रोमसारखे ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतात तिच्यातच स्वल्पविराम असतो आणि एक्सेलमध्ये सगळे रकाने सरकतात. टॅब वापरलेला बरा. जुन्या नोंदी काढण्यासाठी दररोजची वेगळी फाइल केली की तोही प्रश्न मिटतो.

माझे घोडे अडले ते आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब प्रकारापाशी. भारतात मोबाइलवरून येणाऱ्या वाचकांचे पत्ते आता मोठ्या प्रमाणावर याच प्रकारचे असतात. त्यांचे १२८ बिट असतात. पहिले ६४ जोडणीचे, तर उरलेले ६४ फोन किंवा संगणक स्वतः ठरवतो आणि गोपनीयतेसाठी ते अधूनमधून बदलतो. त्यामुळे पूर्ण पत्ता जुळवून पाहण्यात अर्थ राहत नाही, पहिला अर्धा भागच पाहावा लागतो. आता मजकुरात हा अर्धा भाग संपतो कोठे? पत्ता आठ गटांत लिहितात, पण गटांच्या आरंभीची शून्ये गळतात, आणि सलग शून्यांचे गट ‘::’ या दोन विसर्गचिन्हांत गडप होतात. ‘२००१:डीबी८::७’ एवढ्याशा अक्षरांत आठही गट दडलेले असतात. अमुक अक्षरापर्यंत कापा, असे एक्सेलला सांगताच येत नाही. अर्जांच्या रद्दीचा पूर आला असताना एकच जोडणी हा उद्योग करते आहे की अनेक, हे ठरवण्यासाठी फाइलच्या ओळींवर बोट ठेवून गट मोजत बसणे मला फार जिकिरीचे वाटले. पत्ता आधी बायनरीत बदलून ३२ अंकी हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ या अंकांच्या) रूपात फाइलमध्ये लिहिता येतो, हे खरे. परंतु मग वाचण्यासाठी, मोजण्यासाठी आणि शोधण्यासाठी आणखी स्क्रिप्ट लागतात, आणि अर्धा डेटाबेस आपणच लिहीत आहोत की काय, अशी शंका येऊ लागते.

टेबलात हाच पत्ता १६ बाइटच्या व्हार्‌बायनरी स्तंभात, म्हणजे अक्षरांऐवजी कच्चे बाइट ठेवणाऱ्या रकान्यात, बसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.६ या आवृत्तीपासून आयनेट६_एटॉन हे फंक्शन आहे. ते जुन्या आयपीव्ही४ पत्त्याचे चार आणि आयपीव्ही६ चे सोळा बाइट करून देते. पहिल्या आठ बाइटांवर ग्रुप बाय केले (सारख्यांचे गट पाडले) की जोडण्यांची मोजणी समोर येते, आणि जुन्या पद्धतीच्या पत्त्याचे चारच बाइट असल्यामुळे तोही न बदलता त्याच क्वेरीत सामावतो. गैरसोय अशी की डेटाबेस ब्राउझरमधून पाहण्याच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये हा स्तंभ वाचता येत नाही, प्रत्येक वेळी पत्ता पुन्हा मजकुरात बदलणारे आयनेट६_एनटोआ लावावे लागते. जुन्या धड्यांतला १५ अक्षरांचा स्तंभ मात्र कोणी उचलू नये. त्यात न मावणारा पत्ता आला की डेटाबेसच्या कडक मोडमध्ये नोंदच नाकारली जाते, सैल मोडमध्ये पत्ता गुपचूप कापला जातो.

काही अडचणी दोन्हीकडे सारख्याच आहेत. पान कॅशमधून गेले की स्क्रिप्ट चालतच नाही. मध्ये प्रॉक्सी (विनंती पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर पत्ता देणाऱ्या पीएचपीच्या रिमोट_अ‍ॅडर मध्ये प्रॉक्सीचाच पत्ता येतो, आणि मूळ पत्ता सांगणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या ओळीत) पाहुणा हवे ते लिहून पाठवू शकतो, म्हणून विनंती आपल्याच प्रॉक्सीकडून आली असेल तेव्हाच ते हेडर वाचावे.

चार दिवसांच्या तपासापुरती नोंद हवी असेल तर फाइल पुरेशी आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. कायमची व्यवस्था करायची असल्यास मात्र टेबलाकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते. नोंद टेबलात घालणारी इन्सर्ट ट्राय-कॅचमध्ये (चूक झाली तरी स्क्रिप्ट पुढे नेणाऱ्या रचनेत) ठेवावी, म्हणजे ती फसली तरी वाचकाचे पान उघडेल. आणि ९० दिवसांपूर्वीच्या ओळी काढणारी एका ओळीची डिलीट क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीला) पहिल्याच दिवशी जोडावी. युरोपातले मराठी वाचक येत असतील तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण बदलता आयपी पत्तासुद्धा ठरावीक परिस्थितीत वैयक्तिक माहिती ठरतो, असे युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे.