आल्टोचा क्लच घरी बदलला, पावसाळ्यानंतरचा अनुभव

अख्खा पावसाळा काढला गाडीने म्हणून आता लिहितोय, कारण नवा क्लच पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच छान वाटतो. गाडी केबल क्लचवाली जुनी आल्टो, घर गोव्यातल्या चोडण बेटावर, म्हणजे पणजीला जायचं तर रायबंदरची फेरीबोट. ओहोटीला फेरीतून वर चढायचा उतार चांगलाच खडा होतो, पुढची गाडी जरा जरा सरकते आणि मागचे सगळे हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून. क्लच प्लेट तिथेच जळते हो, हँडब्रेक लावून थांबा.

जुना क्लच इतका गेलेला की चौथ्या गिअरात रेस दिली की इंजिन ओरडायचं नि गाडी तिथेच. मी आणि धाकट्या भावाने अंगणात गाडी जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, कधीच नाही), बॅटरी, स्टार्टर, एक्सल काढले, इंजिनाला खालून आधार दिला आणि गिअरबॉक्स उतरवला. खाऱ्या हवेने बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्रीच गंज सैल करायचा स्प्रे मारून ठेवा.

माझं ठाम मत, नुसती प्लेट बदलू नका. प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरते ती) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की तो दाब सोडवतं ते) यांच्यासकट पूर्ण सेट घ्या, आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) मागचं ऑइल सील पण नवं टाकाच, सील स्वस्त असतं पण ते गळून प्लेटवर ऑइल आलं तर सगळं परत उघडायचं. फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, प्लेट हिच्यावरच दाबली जाते) ब्रेक क्लीनरने पुसा, प्लेटची स्प्रिंगवाली बाजू गिअरबॉक्सकडे, प्लेट मधोमध धरणारं सेंटरिंग टूल लावूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसट, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं.

सुरुवातीला गाडी मुद्दाम सावकाश चालवली. पेडल अजून हलकंच आहे, केरीहून चोर्ला घाट माणसं आणि सामान भरून चढलो, क्लच कुठेच घसरला नाही. पावसात गाडी काही दिवस उभी राहिली की पहिल्यांदा क्लच सोडताना जरा थरथरते, फ्लायव्हीलवर दमटपणाने हलका गंज धरतो त्यामुळे, दोनचारदा क्लच वापरला की जाते. केबलचा फ्री प्ले (पेडल दाबताना सुरुवातीचा मोकळा भाग) मात्र अधूनमधून बघतो, प्लेट झिजते तसा तो कमी होतो आणि पार संपला तर नवा क्लचसुद्धा घसरायला लागेल.